रोजची टर्बो गाडी मॉडिफाय करताय? कोकणात सुरुवात कुठून करायची

कोकणात गाडीची परीक्षा पहाटेच्या रिकाम्या हायवेवर होत नाही. ती होते गणपतीच्या आदल्या दिवशी. गाडीत पाच माणसं, डिकी मखराच्या सामानाने भरलेली, एसी चालू, बाहेर पावसाची भुरभुर आणि पुढे माणगावपर्यंत रांग. दोन तास रांगत काढल्यावर मोकळा रस्ता मिळतो आणि लगेच चढ. रोजच्या गाडीत कुठलाही बदल करायचा तर तो या दिवशी टिकेल का, एवढा एकच प्रश्न आधी विचारा. रविवारी सकाळी मित्राला बसवून दाखवायला छान वाटणारे बरेच बदल या प्रश्नावरच बाद होतात.

हा लेख नवख्यांसाठी आहे. हातात एखादी टर्बो पेट्रोल गाडी आहे, रोज ऑफिसला किंवा दुकानावर जाते, महिन्यातून एकदा आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून देशावर जाते, आणि मालकाला ‘थोडं पिकअप वाढवू’ असं वाटू लागलंय, अशांसाठी. डिझेलवाल्यांबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

आधी आपली गाडी ओळखा

टर्बोचं काम थोडक्यात असं: सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो आणि तो तरंगतो फक्त तेलाच्या पातळ थरावर. दुसरी गोष्ट उष्णतेची. हवा दाबली की तापते. बाहेर 30 अंश असेल आणि टर्बो एक बार, म्हणजे वातावरणाइतका, जास्तीचा दाब (यालाच बूस्ट म्हणतात) देत असेल, तर कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा सहज सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. ती थंड करायला इंटरकूलर. पुढचं सगळं समजायला तेल आणि उष्णता या दोन गोष्टी पुरतात.

आता तुमच्या गाडीचे आकडे काढा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) किती आणि गिअरबॉक्स किती टॉर्क झेलायला बनवलाय, हे दोन आकडे शेजारी लिहा. उदाहरण घ्या. स्कोडा-फोक्सवॅगनच्या 1.0 टीएसआयचा टॉर्क 178 न्यूटन-मीटर आहे. 1.5 टीएसआयचा 250. या 1.5 बरोबर मिळणारा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा, आहे, आणि त्याची क्षमताही 250 न्यूटन-मीटरच सांगितली जाते. म्हणजे कंपनीतून बाहेर पडतानाच गाडी मर्यादेला टेकलेली. अशा गाडीत टॉर्क वाढवायचा आणि गणपतीच्या रांगेत तेच ड्राय क्लच घासत न्यायचे, हे मला पटत नाही. कितीही नामांकित ट्यूनर (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणारा) असो. मॅन्युअल गाडीत निदान क्लच घसरला तर नाकाला वास येतो आणि क्लच प्लेट बदलून प्रश्न मिटतो.

इंटरकूलर कुठल्या प्रकारचा आहे तेही बघा. काही गाड्यांत तो बंपरमागे असतो आणि समोरच्या वाऱ्याने थंड होतो. 1.0 टीएसआयसारख्या छोट्या इंजिनांत मात्र तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा वाटणाऱ्या भागात) बसवलेला, पाण्याने थंड होणारा असतो. मोठा इंटरकूलर बघायला लागण्याआधी एवढं कळलेलं बरं.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच बरेच जण अडकतात. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. कलम 182अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टायर, ब्रेक पॅड, तेल, प्लग हे झिजून बदलायचे भाग आहेत, त्यांना अडचण नाही. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढणं, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, गाडी खाली बसवणं, बंपरबाहेर येणारी चाकं, यांसाठी गाडी अडवली तर ‘सगळेच करतात’ हे उत्तर चालत नाही. इंजिनचं रिमॅपिंग, म्हणजे ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदलणं, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते कायद्यात बसतं असं समजू नका.

विमा कंपनीला लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी सर्व्हेयरच्या हाती सापडला तर वाद तुमच्या गळ्यात. वॉरंटी चालू असेल तर माझा सल्ला सरळ आहे: ती संपेपर्यंत इंजिनच्या सॉफ्टवेअरला हात लावू नका. मूळ फाइल परत टाकली तरी कंपनीच्या स्कॅनरला बदल झाल्याची खूण अनेकदा सापडते. तोवर खाली सांगितलेल्या पहिल्या तीन-चार पायऱ्या करून ठेवा, त्यात वेळ छान जातो.

पहिली पायरी: गाडी नवी असल्यासारखी करा

चाळीस-पन्नास हजार किलोमीटर धावलेली गाडी आणि शोरूममधली गाडी यांच्यात जो फरक तुम्हाला जाणवतो, त्यातला बराचसा नुसत्या देखभालीने भरून निघतो. गंमत म्हणजे अनेकांची ‘पिकअप कमी’ ही तक्रार इथेच संपते.

इंजिन ऑइल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मानकाचंच घ्या. डायरेक्ट इंजेक्शनची टर्बो पेट्रोल असेल तर डब्यावर एपीआय एसपी आहे का बघा, कारण पुढे सांगणार आहे तो कमी आरपीएमवरचा स्फोट टाळायला हे मानक उपयोगी आहे. पुस्तकात बदलायची मुदत वर्ष किंवा पंधरा हजार किलोमीटर असेल तर ती अर्ध्यावर आणा. चिपळूण बाजारात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं तेल किलोमीटरच्या मानाने लवकर खराब होतं. ते पुरेसं तापतच नाही, त्यामुळे त्यात पेट्रोल आणि ओल दोन्ही साचतात.

प्लग बदला. रिमॅप करायचाच असेल तर ट्यूनरला विचारून एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग आणि गॅप साधारण 0.1 मिलीमीटरने कमी. दाब वाढला की ठिणगी विझण्याची शक्यता वाढते, म्हणून. एअर फिल्टर साधा कागदी, कंपनीचा. तेल लावलेले कापडी फिल्टर मी आमच्या भागात सुचवत नाही. जांभ्याची लाल धूळ बारीक असते, आणि फिल्टरवर तेल जास्त झालं तर ते पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं.

मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप आणि क्लॅम्प. गॅरेजमध्ये धुराची टेस्ट करून घ्या: बंद पाइपांत धूर भरतात, जिथून निघेल तिथे गळती. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत क्लॅम्प गंजून ढिले झालेले सर्रास सापडतात. हवा गळत असेल तर ठरलेला दाब गाठायला टर्बो आणखी जोरात फिरतो, तापतो, आणि आपल्याला वाटतं इंजिन थकलंय. रिमॅप केलेल्या गाडीत ही गळती राहिली तर टर्बो लवकर जातो.

दुसरी पायरी: मोजून ठेवा

साधं ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं छोटं यंत्र) आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. बदल करण्याआधीचे आकडे नसतील तर नंतर काही बिघडलंय की नाही हे कळायला मार्गच उरत नाही. पाच गोष्टी नोंदवा: आत जाणाऱ्या हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, फ्युएल ट्रिम (इंधनाच्या प्रमाणात गाडी स्वतः करते ती दुरुस्ती), कूलंटचं तापमान आणि नॉकिंगमुळे इग्निशन किती अंश मागे घेतलं जातंय ते. शेवटची नोंद सगळ्यात मोलाची. इंजिनात मिश्रण स्वतःहून पेटू लागलं (यालाच नॉकिंग म्हणतात) की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगी मागे सरकवतो, म्हणजे उशिरा देतो. अधूनमधून दोन-तीन अंश दिसले तर हरकत नाही. जोर लावला की दरवेळी पाच-सहा अंश दिसत असतील तर मूळ गाडीच त्रासात आहे, आणि त्या गाडीवर रिमॅप बसवायचा नाही.

नोंद घ्यायला मोकळ्या चढावर तिसरा गिअर, 2000 ते 4500 आरपीएम. ॲप स्वतः साठवतं, गाडी चालवताना मोबाइलकडे बघायचं नाही. मग एक नोंद मुद्दाम वाईट वेळी घ्या: मे महिन्यातल्या दुपारी, अर्धा तास ट्रॅफिकमध्ये थांबल्यानंतर. या दोन नोंदींत हवेच्या तापमानाचा फरक जितका मोठा, तितकं तुमच्या गाडीचं राखीव बळ कमी. रिमॅपची दुकानं पहिल्या प्रकारचे आकडे दाखवतात, तुम्हाला दुसऱ्या प्रकारात जगायचंय.

दमट हवेबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. हवेतल्या बाष्पाने इंजिन नॉक होत नाही, उलट नॉकिंग थोडं कमीच होतं. ताकद किंचित घटते, एवढंच. दमटपणाचा खरा मार बसतो धातूला, वायरिंगच्या कनेक्टरला आणि ब्रेक ऑइलला.

तिसरी पायरी: टायर आणि ब्रेक, ताकदीच्या आधी

आंबोलीला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या रस्त्यावर गाडी किती पळते यापेक्षा किती अंतरात थांबते हे महत्त्वाचं. कायद्याने टायरची खाच 1.6 मिलीमीटर असली तरी चालते, पण आमच्या पावसात 3 च्या खाली गेली की टायर बदला. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो. रुंदी वाढवायची हौस असेल तर एक माप, त्याहून नाही. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आणि टायरचा बाहेरचा घेर बदलला तर स्पीडोमीटर आणि एबीएसचं गणित चुकतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश असतो, ओल शोषल्यावर तो 155 पर्यंत खाली येऊ शकतो. कुंभार्ली उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलात तर ही मर्यादा गाठायला फार वेळ लागत नाही. तेल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. बहुतेक पुस्तकं दोन वर्षांची मुदत देतात, किनाऱ्यावर मी दर पावसाळ्याआधी बदलतो. बरोबर चांगल्या दर्जाचे पॅड घ्या. मोठे कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क वगैरे रोजच्या गाडीला लागत नाहीत. आणि उतारावर गिअर खाली घ्या, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये टाका.

चौथी पायरी: थंडावा

हवेने थंड होणारा इंटरकूलर असेल तर ताकद न वाढवता नुसता मोठा इंटरकूलर बसवणं हा टर्बो गाडीतला सगळ्यात शहाणा खर्च आहे. घाटात सलग जोर लावताना हवेचं तापमान कमी राहतं आणि इंजिन स्वतःहून ताकद कमी करत नाही. फक्त तो रेडिएटरचा वारा अडवणार नाही इतकाच जाड घ्या, नाहीतर ट्रॅफिकमध्ये कूलंट तापेल. आणि बंपर कापायची वेळ येत असेल तर वर सांगितलेलं कलम 52 आठवा. पाण्याने थंड होणारा असेल तर वेगळं काही विकत घेऊ नका. त्याचा छोटा पंप चालतो का, समोरच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पाचोळा अडकलाय का, कूलंट योग्य प्रमाणात आहे का, एवढं बघा. कूलंटमध्ये विहिरीचं पाणी ओतणं बंद करा.

‘कोल्ड एअर इनटेक’ या नावाने विकतात तो पाइप, जो हवा बंपरच्या खालच्या कोपऱ्यातून ओढतो, तो कोकणात लावू नका. 22 जुलै 2021 चा चिपळूणचा पूर विसरा, साध्या पावसातही मोरीवरून हातभर पाणी वाहत असतं. खालून पाणी ओढलं गेलं की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ गाडीत हवेचं तोंड वर ठेवलेलं असतं ते विचार करूनच.

पाचवी पायरी: रिमॅप, आणि तो थोडाच

आता ताकद. इथेच सगळ्यांना पहिल्या दिवशी पोचायचं असतं.

तीन मार्ग असतात. ट्यूनिंग बॉक्स बूस्टच्या सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला खोटं सांगतो, की दाब कमी आहे. मग ईसीयू दाब वाढवतो. स्वस्त आणि काढायला सोपा, पण ईसीयूला अंधारात ठेवणारा. रोजच्या गाडीत मला तो नको. दुसरा, तयार फाइलचा रिमॅप. तिसरा, तुमच्याच गाडीच्या नोंदी बघून दुरुस्त केलेला रिमॅप. तिसरा परवडत असेल तर तोच.

ट्यूनरकडे जाऊन पैसे मोजण्याआधी चार प्रश्न विचारा. मूळ फाइलची प्रत मला देणार का? फाइल किती ऑक्टेनसाठी (पेट्रोलची नॉकिंग रोखायची क्षमता) आहे? सगळ्यात जास्त टॉर्क किती आरपीएमला येतो? आत येणारी हवा तापली तर तुमचा मॅप ताकद कमी करतो का, की ती सुरक्षा काढून टाकलीय? चौथ्या प्रश्नावर ‘होऊन जाईल साहेब, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

ऑक्टेनचा प्रश्न किनाऱ्यावर फार खरा आहे. बीएस 6 आलं तेव्हा साध्या पेट्रोलसाठी किमान 91 ऑक्टेन ठरवलेलं होतं, प्रीमियमसाठी 95. शंभर ऑक्टेन मोजक्या शहरांत मिळतं. पुण्यात शंभरवर बसवलेला मॅप घेऊन तुम्ही देवगडला गेलात आणि पंपावर ‘प्रीमियम संपलंय’ ऐकलंत, तर साध्या पेट्रोलवर घाट चढायचाय. ईसीयू सांभाळून घेईल, पण रोज सांभाळायला लावायचं नसतं. म्हणून मॅप साध्या पेट्रोलवर सुरक्षित असा मागा, प्रीमियम मिळालं तर फायदा समजा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं म्हणाल तर इथेनॉल नॉकिंग रोखतं, पण त्याच कामाला इंधन जास्त लागतं आणि ते पाणी शोषतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवू नका.

किती वाढवायचं? रोजच्या गाडीला माझ्या मते मूळ टॉर्कच्या 15 ते 20 टक्के, तेही क्लच आणि गिअरबॉक्सच्या मर्यादेच्या आत. 178 चे 205-210 झाले तरी घाटात फरक स्पष्ट कळतो. आणि वाढलेला टॉर्क 2200-2500 आरपीएमच्या पुढे हळूहळू येऊ दे, 1600 ला एकदम नको. जाहिरातीत पीएस (अश्वशक्ती) मिरवतात, पण रॉड वाकवतो आणि क्लच जाळतो तो खालच्या आरपीएमचा टॉर्क.

यामागे एक कारण आहे. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर पूर्ण जोर दिला तर कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण भडकतं. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला एलएसपीआय म्हणतात. साधं नॉकिंग ठिणगी मागे घेऊन आवरतं, हे तसं आवरत नाही, आणि एका फटक्यात पिस्टन फुटू शकतो. कोकणात ही सवय घरोघरी आहे: घाटात ॲव्हरेज वाचवायला चौथ्या गिअरमध्ये 1500 वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. रिमॅप झाल्यावर ही सवय मोडा. चढ आला की गिअर खाली, आरपीएम 2000 च्या वर, मग दाबा.

रिमॅपनंतर दुसऱ्या पायरीतल्या दोन्ही नोंदी पुन्हा घ्या आणि जुन्याशी जुळवा. मे महिन्यातल्या नोंदीत इग्निशन आधीपेक्षा जास्त मागे जात असेल तर ट्यूनरकडे परत जाऊन मॅप सौम्य करून घ्या. चांगला ट्यूनर यात कुरकुर करत नाही. एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर निदान महिनाभर रोजचं चालवणं. तीन गोष्टी एकत्र बसवल्या आणि चेक इंजिनचा दिवा लागला तर शोधत बसाल.

जे करू नका

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी): बेकायदा, वास येतो, पीयूसीला लटकाल, आणि या छोट्या टर्बोला त्याचा फायदाही मर्यादित. सूं-सूं आवाजाचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत मोजून घेतलेली हवा बाहेर सोडली की इंधनाचं प्रमाण बिघडतं. डिझेलवाल्यांनी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काढू नये. डीपीएफ तुंबत असेल तर बहुतेक वेळा कारण गावातल्या छोट्या फेऱ्या असतात. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने चालवा.

ऑइल कॅच कॅन (इंजिनातून येणारी तेलाची वाफ अडवणारा डबा) बसवायला माझी ना नाही, पण दमट हवेत त्यात तेलाबरोबर पाणी साचून दुधाळ चोथा होतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला रिकामा करणार नसाल तर नको.

रोज सांभाळायच्या गोष्टी

आंबा घाट चढून साखरप्याकडून वर आलात आणि चहाला थांबलात, तर गाडी लगेच बंद करू नका. शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवा किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोत तेल जळून चिकटत नाही. सकाळी सुरू केल्यावर तेल तापेपर्यंत बूस्ट मागू नका. ड्राय क्लचच्या ऑटोमॅटिकमध्ये रांगेत इंचाइंचाने सरकू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच न्या.

मिठाचा बंदोबस्त वेगळा. किनाऱ्यालगत राहत असाल किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीने जात असाल, तर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. इंजिन मात्र प्रेशरने धुऊ नका. बूस्ट सेन्सर, कॉइल आणि अर्थिंगचे कनेक्टर वर्षातून एकदा उघडून, पुसून, डायलेक्ट्रिक ग्रीस (कनेक्टरला ओलीपासून वाचवणारं) लावून बंद करा. बदललेले क्लॅम्प आणि नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या. वाळूत गाडी घालणं हा वेगळाच विषय आहे. तिथून ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या गाड्यांचे खालचे पाइप आणि इंटरकूलरच्या जाळ्या मी पाहिल्या आहेत.

पावसाळ्याआधी, साधारण मेच्या शेवटी: ब्रेक ऑइल, टायरची खाच, वायपर, क्लॅम्प तपासणी, बॅटरीची टोकं. गणपतीआधी: तेल, कूलंटची पातळी, एक ताजी नोंद. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की गाडी लिफ्टवर घेऊन खालचा गंज बघायचा, आणि काढलेले मूळ भाग कपाटात तेल पुसून, नावाची पट्टी लावून ठेवायचे. गाडी विकताना घेणारा पहिला प्रश्न त्यांचाच विचारतो.